कापण्यासाठी काढलेली चित्रे : व्हेरा येर्मोलायेवा यांचे कलाकार्य

मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनांची मराठी बालपुस्तके 1970 व 1980 च्या दशकांत ज्यांनी आपल्या मुलांसाठी घेतली, त्यांना त्यांतील चित्रे आजही आठवत असतील. त्या चित्रकारांची नावे मात्र क्वचितच कोणाला सांगता येतील. मूल चित्र पाहते, सही पाहत नाही. रशियन बालपुस्तकाच्या ज्या परंपरेतून ही पुस्तके आली, तिचा पाया त्याआधी अर्धशतक लेनिनग्राडमध्ये घातला गेला होता आणि तो घालणाऱ्यांत व्हेरा मिखाइलोव्हना येर्मोलायेवा (1893–1937) यांचे स्थान वरचे होते. कलेतिहासात त्यांचा उल्लेख दोन प्रकारे होतो : काझिमिर मालेविच यांची सहकारी म्हणून आणि स्टॅलिनकालीन दडपशाहीचा बळी म्हणून. दोन्ही उल्लेख खरे आहेत. परंतु त्या दोहोंच्या आड त्यांचे स्वतःचे काम झाकले गेले, असे मला वाटते.

येर्मोलायेवा यांचा जन्म सारातोव्ह प्रांतातील. बालपणी घोड्यावरून पडल्याने त्यांचे पाय लुळे पडले आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी कुबड्यांच्या आधाराने काढले. पीटर्सबर्ग येथे चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर 1918 मध्ये त्यांनी ‘सिवोद्न्या’, म्हणजे ‘आज’, या नावाचा कलावंतांचा एक सहकारी गट स्थापन केला. चित्र आणि मजकूर एकाच ठशावर कोरून मोजक्या प्रती छापावयाच्या व काही हाताने रंगवावयाच्या, अशी ही छोटी पुस्तके होती.

1919 मध्ये त्यांना वितेब्स्क येथील कलाशाळेत अध्यापनासाठी पाठविण्यात आले. मार्क शागाल यांनी उभारलेल्या या शाळेत त्याच वर्षाच्या अखेरीस मालेविच आले आणि तेथे ‘उनोविस’ हा गट जन्मास आला. गटाची कामे व्यक्तीच्या नावाने नव्हे, तर समूहाच्या नावाने पुढे यावीत, असा त्याचा आग्रह होता. शागाल वितेब्स्क सोडून गेल्यानंतर, 1921 मध्ये, या संस्थेचे प्रमुखपद येर्मोलायेवा यांच्याकडे आले. यादवी युद्धाने पोखरलेल्या त्या काळात सरपण, धान्य आणि रंग यांची सारखीच टंचाई असताना त्यांनी शाळा चालविली. मालेविच यांनी सिद्धान्त मांडला. तो शिकविता येईल अशी व्यवस्था उभी राहण्यात येर्मोलायेवा यांचा वाटा मोठा होता.

येथे समीक्षकाने प्रामाणिक राहिले पाहिजे. वितेब्स्कमधील त्यांच्या कामावर मालेविच यांची छाया दाट आहे. ‘सूर्यावर विजय’ या संगीतिकेच्या 1920 मधील प्रयोगासाठी त्यांनी केलेल्या नेपथ्य-वेशभूषेच्या रेखाटनांत जोम आहे, पण ते जग अजून त्यांचे स्वतःचे नाही. पेत्रोग्रादला परतल्यावर 1923 ते 1926 या काळात त्यांनी कलासंस्कृती संस्थेत रंगविषयक प्रयोगशाळा सांभाळली. शेजार आणि आकार बदलला की रंगाचा परिणाम कसा बदलतो, याचा अभ्यास तेथे चाले. 1926 मध्ये ती संस्थाच बंद झाली.

त्यांचा स्वतःचा सूर लागला तो बालपुस्तकांत. निकोलाय असेयेव्ह यांचे ‘टॉप-टॉप-टॉप’ (1925), दानिइल खार्म्स यांचे ‘इव्हान इव्हानिच समोवार’ (1929), अलेक्सांदर व्वेदेन्स्की यांचे ‘कोळी’ (1930) आणि क्रिलोव्हच्या बोधकथा ही त्यांतील ठळक नावे. मालेविच यांच्या अमूर्त कलेतून येथे त्या पुन्हा वस्तूकडे वळल्या, मात्र पूर्वीचा धडा विसरून नव्हे. मोजक्या रुंद फटकाऱ्यांत त्यांचा प्राणी उभा राहतो. कागदाचा मोकळा पांढरेपणा रंगाइतकेच काम करतो, तर आकारांचा तोल भौमितिक चित्रासारखा पक्का असतो.

माझ्या मते त्यांच्या विचारावर सर्वांत स्वच्छ प्रकाश टाकणारी पुस्तके आणखी वेगळी आहेत. ‘प्राण्यांचे मुखवटे’ आणि वितेब्स्कचे विद्यार्थी लेव्ह युदिन यांच्यासमवेत केलेले ‘डिंकाविना कागदापासून’ ही 1930 च्या सुमाराची पुस्तके मुलाने कात्री घेऊन स्वतः वस्तू कराव्यात यासाठी होती. पान कापले, दुमडले, तोंडावर बांधले, म्हणजे पुस्तकाचे काम पुरे झाले. त्याच क्षणी ते पुस्तक म्हणून संपलेही. वाचनालयांच्या कपाटांत त्यांच्या धड प्रती राहाव्यात, हा त्यांचा हेतूच नव्हता. शिक्षकाच्या कामाचे याहून नेमके रूप मला सुचत नाही.

अध्यापनात आणि बालपुस्तकांत त्यांनी आपली चित्रकला खर्ची घातली, असा आक्षेप घेता येईल. त्याला उत्तर त्यांची शेवटच्या वर्षांतील जलरंगी गुआश चित्रे देतात. बॅरेन्ट्स समुद्रावरील चित्रे, खेड्यातील माणसे, ‘डॉन किखोते’ आणि ल्युक्रेशियसच्या काव्यावरील मालिका यांत चेहऱ्याचे तपशील नाहीत. उभे राहण्यातील भार आणि एकाकीपणा मात्र आहे. मुलांसाठी काटकसरीने आकार मांडण्याची सवय नसती, तर ही चित्रे इतकी थोडक्यात एवढे बोलली नसती. शिकविणे हा त्यांच्या चित्रकलेला पडलेला खंड नव्हता. तो तिचाच रियाज होता.

या काळात वासिलियेव्हस्की बेटावरील त्यांच्या घरी युदिन, व्लादिमीर स्तेर्लिगोव्ह, कोन्स्तान्तिन रोझ्देस्त्व्हेन्स्की, आना लेपोर्स्काया हे मित्र जमत, एकमेकांची चित्रे पाहत आणि चर्चा करीत. 1 डिसेंबर 1934 रोजी किरोव्ह यांची हत्या झाली आणि अटकसत्र सुरू झाले. त्याच महिन्याच्या 25 तारखेस येर्मोलायेवा यांना अटक झाली. तीन वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी कझाकस्तानातील कारागांदा भागातील छावणीत झाली. ती मुदत पुरी होण्याआधीच, 20 सप्टेंबर 1937 रोजी, त्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली आणि 26 सप्टेंबरला गोळ्या घालण्यात आल्या. सरकारी दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या दोन तारखांमधील सहा दिवसांचे अंतर निकालाच्या कोणत्याही भाषेपेक्षा अधिक बोलके वाटते. त्यांच्या मृत्यूविषयी दीर्घकाळ दंतकथाच ऐकू येत; कायदेशीर निर्दोषत्वही 1989 मध्ये, बावन्न वर्षांनी मिळाले.

असा मृत्यू वाचला की समीक्षकाची लेखणी तेथेच थबकते आणि सारे आयुष्य त्या एका दिवसाच्या उजेडात वाचू लागते. ही सहानुभूती असली, तरी तिच्यात अन्यायही आहे. ज्यांनी त्यांना संपविले, त्यांनाच त्यांच्या चरित्राचा अर्थ ठरवू द्यावा, असा त्याचा अर्थ होतो. येर्मोलायेवा त्रेचाळीस वर्षे जगल्या. त्यांतील मोठा भाग दुसऱ्याच्या हाती रंग, कागद आणि कात्री देण्यात गेला. स्तेर्लिगोव्ह छावणीतून परतले आणि पुढे लेनिनग्राडमध्ये त्यांच्याभोवती शिष्यांचे मंडळ जमले. म्हणजे ते काम थांबले नव्हते. येर्मोलायेवा यांची चित्रे संग्रहालयांत आता पाहावयास मिळतात, हे समाधानाचे आहे. पण कुठल्याशा घरात एखाद्या मुलाने कापून टाकलेला मुखवटाही त्यांच्या कलाकृतींच्या यादीत मोजला पाहिजे.