गाणे कुणाच्या मालकीचे?

महंमद रफींविषयी आपल्या घरांतून जे बोलले जाते ते बहुधा त्यांच्या स्वभावाविषयी असते. आवाजाविषयी काय बोलायचे, तो सर्वांनी ऐकलेलाच आहे. अडलेल्या निर्मात्यासाठी फुकट गायले, नव्या संगीतकाराकडून एकच रुपया घेतला, बिदागीचे पाकीट कधी मोजले नाही, कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. यातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घडली असेल असे नाही. पण इतक्या जणांनी ती इतक्या वेळा सांगितली आहे की तीतून उभा राहणारा दरवेश माणूस खोटा म्हणता येणार नाही. आमची तक्रार त्या माणसाविषयी नाही. तक्रार अशी आहे, की या आदरापोटी रफीसाहेबांनी १९६० नंतरच्या वर्षांत घेतलेली एक भूमिका आपण कधी तपासूनच पाहिली नाही. ती भूमिका चुकीची होती असे आम्हास वाटते. हे लिहिताना हात थोडा थांबतो, पण लिहिले पाहिजे.

वाद साधा होता. चित्रपटाच्या गाण्याची तबकडी विकली गेली की ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आपण जिला एचएमव्ही म्हणत आलो ती, निर्मात्याला विक्रीवर रॉयल्टी देत असे. गायकाला ध्वनिमुद्रणाची ठरलेली रक्कम मिळे आणि तेथे त्याचा गाण्याशी संबंध संपे. लता मंगेशकरांनी मागणी केली की या रॉयल्टीतला वाटा गायकालाही मिळाला पाहिजे. मुकेश आणि तलत महमूद यांच्यासारखे गायक त्यांच्या बाजूचे होते. रफीसाहेबांचे म्हणणे निराळे. पैसा निर्माता लावतो, चित्रपट पडला तर तोच बुडतो. गायकाने आपला मेहनताना घेतला की त्याचा हक्क पुरा झाला. मतभेद इतका वाढला की हिंदी चित्रपटसंगीतातले हे दोन सर्वांत मोठे आवाज काही वर्षे एकत्र गायलेच नाहीत. १९६७ च्या सुमारास समेट झाला. मधल्या काळात रफीसाहेबांबरोबरची कितीतरी युगुलगीते सुमन कल्याणपूर यांच्याकडे गेली, आणि त्यांचा आवाज लोक पुष्कळदा लताबाईंचाच समजत. भांडण दोघांचे, नाव हरवले तिसरीचे.

२०१२ मध्ये लताबाईंनी सांगितले की रफींनी आपल्याला माफीचे पत्र लिहिले होते. रफीसाहेबांचे चिरंजीव शाहिद यांनी ते साफ नाकारले. मग वृत्तपत्रांतून पत्र कुठे आहे, झुकले कोण, याचीच चर्चा चालली. आपल्या लोकांनीही त्या चर्चेत पुढे होऊन रफीसाहेबांची इज्जत राखली. पण ज्या प्रश्नावरून दोघे दुरावले तो प्रश्न बरोबर होता की चूक, हे कुणी विचारल्याचे आम्हास आठवत नाही.

आमच्या बीडच्या मोंढ्यात शेतकरी तूर घालतो. काटा झाला, पट्टी हाती पडली, की त्या तुरीची डाळ होते की ती गोदामात पडून राहते हे त्याने विचारायचे नसते. रफीसाहेबांचा विचार या व्यवहारासारखा आहे. त्यात सचोटी आहे, ठरल्यापेक्षा एक पैसाही जास्त न मागण्याची खानदानी लाज आहे. पण तूर एकदा शिजते आणि संपते. गाणे संपत नाही. ते दर लग्नात, दर हॉटेलात, दर ट्रॅक्टरवर पुन्हा वाजते आणि दर वेळी कुणाच्या तरी गल्ल्यात पैसे पडतात. मजुरी घेऊन निघून गेलेला माणूस पुढे त्या पिकाविषयी बोलू शकत नाही. बटाईदार बोलतो, कारण त्याचा त्यात वाटा असतो. लताबाईंनी मागितलेला वाटा म्हणजे या बोलण्याचा हक्क होता. शब्द पसंत नसले तर त्या गाणे नाकारीत, हे सर्वांना ठाऊक आहे. हिशेब मागणे आणि शब्द नाकारणे या आमच्या मते एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत.

आणि हे त्यांना कुठून सुचले असेल? १९४९ च्या ‘महल’मधले त्यांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. गळा लताबाईंचा, नाव पडद्यावरच्या सावलीचे. तबकडीवर स्वतःचे नाव नसणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, कलकत्त्यात गौहर जानने पहिल्या तबकड्या भरल्या. गाणे संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. कारण धंद्याचे होते: तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळावे लागे. पण उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला ते ऐकताना गझलेच्या मक्त्याची आठवण होते. शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस गुंफतो. मुलांना आम्ही सांगतो की ही शायराची सही आहे. नाव वजनात बसवलेले असते, ते काढले तर मिसराच मोडतो. कागद हरवला, दिवाण जळाला, तरी कलाम कुणाचा हे शेवटचा शेर सांगतो. कॉपीराइट हा शब्द जन्मण्यापूर्वी आपल्या शायरांनी केलेली ही तजवीज होती. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची जागा. तेवढ्यात सात-आठ शेर मावत नाहीत, तेव्हा दोन-तीन निवडायचे आणि बाकीचे सोडायचे. आणि चित्रपटाच्या गझलेत तर पात्र गाते, मग शायराचा तखल्लुस तिथे येणार कसा? सही अशी हळूच पुसली गेली, कुणी भांडलेसुद्धा नाही.

कव्वालीचे तर विचारायलाच नको. आमच्याकडे शहेनशाह वलींच्या दर्ग्यात उर्स भरतो, तालुक्यांच्या गावीही संदल निघतो, कव्वाल येतात. मैफलीत एखादा मिसरा दहा वेळा घ्यायचा की पुढे जायचे, हे कव्वाल समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावरून ठरवतो. हा त्याचा अधिकार. ध्वनिमुद्रणात तो अधिकार घड्याळाकडे जातो आणि घड्याळ कंपनीचे असते. अझीझ नाझां यांची ‘झूम बराबर झूम शराबी’ ही कव्वाली ‘फाइव्ह रायफल्स’ (१९७४) या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचली. ती लिहिली नाझा शोलापुरी यांनी. शोलापुरी, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूरचे! ‘चढता सूरज’ ही त्यांची दुसरी गाजलेली कव्वाली कैसर रत्नागिरवी यांची. एक शायर सोलापूरचा, दुसरा रत्नागिरीचा, दोघांनी आपल्या गावाचे नाव तखल्लुसाला जोडून ठेवले. तरीही या दोन कव्वाल्यांवर माना डोलावणाऱ्या दहा जणांना शायराचे नाव विचारून पाहा. मराठी मुलखातल्या उर्दू शायरांवर परिसंवाद होतात, त्यांत या दोघांवर कुणी निबंध वाचल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेव्हा सगळा दोष कंपन्यांचाच आहे असेही नाही.

कंपन्यांचे देणे नाकारू नये. एचएमव्हीने जपले नसते तर ते जुने आवाज आपल्यापर्यंत आलेच नसते. पुढे १९८० नंतर गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेट इतकी स्वस्त केली की आष्टी-पाटोद्याच्या वाड्या-वस्त्यांवरही नात आणि कव्वाली वाजू लागली. पण याच काळात जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेण्याचा धंदाही वाढला. मूळ कायद्यात एक वाट होती: ठरलेली नोटीस आणि ठरलेली रॉयल्टी दिली की गाणे दुसऱ्याकडून गाऊन काढता येई. ‘रफी की यादें’ या कॅसेटांतून तरुण सोनू निगम लोकांना ठाऊक झाले ते याच वाटेने. मुलगा गुणी होता, आजही आहे. पण व्यवहार पाहा. आठवण रफींची, चाली नौशाद, शंकर-जयकिशन यांच्यासारख्यांच्या, आणि कायद्यात मूळ गायकाच्या हक्काला तोवर जागाच नव्हती. मेहनताना घेतला की हक्क संपला, हे रफीसाहेबांचे वाक्य त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावावर असे लागू झाले.

हे दुखणे केवळ आपले नाही. विलायतेत जॉर्ज मायकेल सोनी कंपनीविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९४ मध्ये हरला. अमेरिकेत प्रिन्स नावाच्या गायकाने त्याच सुमारास वॉर्नर कंपनीशी भांडताना गालावर ‘गुलाम’ असा शब्द लिहून कार्यक्रम केले. कोट्यवधी कमावणारा माणूस स्वतःला गुलाम म्हणतो याचे पुष्कळांना हसू आले. बीड जिल्ह्यातल्या माणसाला येऊ नये. तिकडे कंपनी गायकाला आधी मोठी रक्कम देते आणि ती गाण्यांच्या कमाईतून वळती करून घेते. फिटेपर्यंत गायक बांधलेला. आपल्याकडे यालाच उचल म्हणतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या जोडप्याला ठाऊक असते की हंगाम संपला तरी उचल फिटतेच असे नाही, आणि फिटली नाही की पुढच्या हंगामाचा कोयताही त्याच मुकादमाचा. रकमा वेगळ्या, दुःखही सारखे नाही, पण कागद त्याच जातीचा आहे.

आपल्या कायद्याला हे समजायला फार वेळ लागला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गीतकार-संगीतकाराने मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या कामाचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतःची पुरवणी जोडून गायकाला या कायद्यात काहीच संरक्षण नाही हे बोलून दाखवले. गायक-वादकांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ मध्ये. आणि २०१२ मध्ये, म्हणजे माफीच्या पत्राचा गलका झाला त्याच वर्षी, संसदेने कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी यासाठी बरीच झुंज दिली. आता चित्रपटातले गाणे चित्रपटगृहाबाहेर वाजले की त्याच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा असतो, आणि हा वाटा तो वारसांखेरीज किंवा कलावंतांच्या हक्कसंस्थेखेरीज कुणाला लिहून देऊच शकत नाही. दिला तरी तो कागद रद्द. व्यावसायिक वापरात गायकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. दुसऱ्याच्या गळ्यातून गाऊन घ्यायचे तर मूळ गाण्याला पाच वर्षे झाली पाहिजेत आणि गरजेपेक्षा अधिक बदल करता येत नाही. लताबाई जे मागत होत्या ते सुमारे पन्नास वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले. रफीसाहेब १९८० मध्येच गेले होते.

मात्र हिशेबाचा प्रश्न सुटला तसा बोलण्याचा सुटला नाही. बदल करू नये हे बंधन बाहेरच्याला आहे; ज्या कंपनीकडे गाण्याची मालकी आहे तिने स्वतःच गाणे मोडून नवे केले तर? ‘दिल्ली-६’ (२००९) मधले ‘मसकली’ ए. आर. रहमान यांचे. एप्रिल २०२० मध्ये टी-सीरिजने त्याची नवी आवृत्ती काढली. रहमान सहसा बोलत नाहीत, पण त्यांनी जाहीरपणे लोकांना मूळ गाणेच ऐकण्यास सांगितले. गीतकार प्रसून जोशी यांनीही नाराजी कळवली. जगभर मान असलेल्या संगीतकाराच्या हाती नाराजीपलीकडे फारसे काही नव्हते. कायद्याच्या ५७ व्या कलमात निर्मात्या कलावंताला हक्क विकल्यावरही कृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेता येते. पण प्रतिष्ठेला धक्का बसला हे सिद्ध करावे लागते, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. रहमानना ते परवडेल. सोलापूरच्या एखाद्या शायराच्या नातवाला?

बाजारात मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने होती तेव्हा फायलींची नावे ‘कव्वाली १४’, ‘कव्वाली १५’ अशी असत. आता सगळे इंटरनेटवर आले आहे, तिथेही शायराचे नाव पुष्कळदा नसतेच. २०१७ मध्ये ‘इंदू सरकार’ या चित्रपटात ‘चढता सूरज’ पुन्हा आली, गायली अझीझ नाझांचे चिरंजीव मुज्तबा यांनी, आणि गीतकार म्हणून नाव लागले कैसर रत्नागिरवी यांचे. आठवी-नववीच्या मुलांना मक्ता शिकवताना आम्ही हल्ली हे नाव फळ्यावर लिहितो, आणि त्याखाली नाझा शोलापुरी.