चवीचे मार्क आणि दुधाची डिग्री

बरिस्ता स्पर्धेत सगळ्यात चांगली कॉफी करणारा जिंकतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जागतिक बरिस्ता स्पर्धेचे नियम वाचले किंवा यूट्यूबवर एखादी फायनल नीट पाहिली, तर दिसतं की ही कॉफीइतकीच शब्दांची स्पर्धा आहे.

स्पर्धकाला १५ मिनिटं मिळतात. तेवढ्यात चव बघणाऱ्या चार परीक्षकांसाठी बारा पेयं करायची: चार एस्प्रेसो, चार दुधातली आणि चार स्वतःच्या कल्पनेतली. हात चालू असताना तोंडही चालू ठेवायचं. बी कुठलं, मळा किती उंचीवर, फळ कसं आंबवलं, कसं वाळवलं, हे सांगायचं. शेवटी कप पुढे सरकवताना सांगायचं की आधी मोसंब लागेल, मग जर्दाळू, मागे काळ्या चहाचा तुरटपणा राहील. परीक्षक घोट घेतात आणि सांगितलेलं कपात सापडतंय का ते बघतात. जुळलं तर मार्क. कॉफी अप्रतिम आहे, पण जर्दाळू म्हणालात आणि लागलं लिंबू, तर मार्क गेले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रोग्रॅम काय करेल हे लिहून ठेवतात आणि मग तो तसाच वागतो का ते तपासतात. बरिस्ता स्पर्धेनं हीच शिस्त जिभेला लावली. समीक्षेचा हा एक कडक प्रकार आहे. पुस्तकांच्या ब्लर्बवर 'अस्वस्थ करणारी कादंबरी' असं छापतात, तिथे चार माणसं बसवून खरंच अस्वस्थ वाटलं का, याचे मार्क कोणी देत नाही.

म्हणून ही स्पर्धा मला आवडते. आणि आवडते म्हणूनच तिच्याशी भांडण आहे.

पाटी कोणाच्या नावाची

सप्टेंबर २०२३मध्ये २५ ते २८ तारखेला बंगळुरू पॅलेसच्या आवारात जागतिक कॉफी परिषद भरली होती. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटना आणि आपलं कॉफी बोर्ड यांनी ती घेतली, आणि आशियात ती पहिल्यांदाच होत होती. माझी नोकरी बंगळुरूत, घर संगमनेर तालुक्यात. परिषदेसोबतचं प्रदर्शन बघायला एक दिवस गेलो. नंतर शहरातल्या एका प्रदर्शनात बरिस्ता स्पर्धेच्या फेऱ्याही खुर्चीवर बसून बघितल्या. दोन्हीकडे एक गोष्ट मनात भरली: शेतकऱ्याचं नाव.

चिकमगळूर, कोडगू, अराकू इथले मळेवाले स्वतः स्टॉलवर उभे होते. पाकिटावर मळ्याचं नाव, जात, उंची, प्रक्रिया. शेतमाल पोत्यात पडला की त्याचं नाव पुसलं जातं, हे बघत मोठं झालेल्या माणसाला हे दृश्य साधं वाटत नाही. भारतातल्या कॉफीच्याही नशिबी हे बरीच दशकं होतं. बोर्डाकडे माल एकत्र जमा करायचा आणि बोर्डानं विकायचा, अशी पद्धत नव्वदच्या दशकापर्यंत होती. चांगली-वाईट एकाच ढिगात जात असेल, तर चांगली पिकवायची कशासाठी? तो ढीग मोडला, तेव्हा मळ्याला नाव मिळण्याची वाट मोकळी झाली.

स्पर्धेचा इतिहासही हेच सांगतो. २००० साली मोंटे कार्लोला सुरुवात झाली, आणि कॉफी पिकवणाऱ्या देशातला माणूस पहिल्यांदा जिंकला २०११मध्ये: बोगोटाला, एल साल्वाडोरचा आलेहान्द्रो मेंडेझ. २०२४मध्ये बुसानला इंडोनेशियाचा मिकाएल यासिन जिंकला. पिकवणारे नुसतं पिकवायचं सोडून बोलायलाही लागले आहेत.

पण कोणत्या शब्दांत?

उसनी जीभ

चव बोलायला या जगात एक चक्र आहे. रंगीत, गोल, हल्ली बऱ्याच कॅफेंच्या भिंतीवर दिसतं. अमेरिकेत १९९५मध्ये ते निघालं आणि २०१६मध्ये नव्यानं केलं गेलं. नव्या चक्रामागे एक कोश आहे, त्यात ११० गुणधर्म. प्रत्येक चवीपुढे नमुना दिलेला असतो: ही चव म्हणजे नक्की काय, तर अमुक पदार्थ आणून चाखा. हे नमुने बरेचसे अमेरिकन किराणा दुकानातले, डबाबंद फळं आणि बाटलीतले रस.

कल्पना वाईट नाही. सगळ्यांनी एकच नमुना चाखला तर सगळे एकाच चवीबद्दल बोलतील. पण मी बघितलेल्या फेऱ्यांत एकामागून एक स्पर्धक ब्लूबेरी, बर्गमॉट, जास्मिन म्हणत होते. त्यांच्यातल्या किती जणांनी लहानपणी ब्लूबेरी खाल्ली असेल? फळाची आठवण नाही, शब्दाची आठवण आहे. इंग्रजी माध्यम नसलेल्या पोराला व्हायवात जसं पाठ केलेलं उत्तर म्हणावं लागतं, तसं ते ऐकू येत होतं. मोगरा माहीत असलेला मुलगा जास्मिन म्हणतो, तेव्हा त्यानं भाषांतर केलेलं असतं. ब्लूबेरी म्हणतो, तेव्हा पुष्कळदा विश्वास ठेवलेला असतो.

मराठीकडे चवीचे शब्द कमी आहेत असं नाही. तुरट, तुरटसर, आंबूस, आंबटगोड, कडसर, खमंग, खरपूस, करपट, धुरकट, उग्र, मचूळ, पाणचट, मिळमिळीत, खवट, कुबट. ही यादी करायला मला बसच्या दोन स्टॉपइतका वेळ लागला. करपट आणि खरपूस यांत भाजण्याच्या काही क्षणांचा फरक आहे, आणि कॉफी भाजणाऱ्याचा सगळा धंदा त्याच क्षणांत आहे. फळंही आहेत. अकोल्याच्या डोंगरातलं करवंद कच्चं असताना वेगळं, पिकल्यावर वेगळं, आणि मागे चिकट तुरटपणा ठेवणारं. राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचं लिंबू, बांधावरचं जांभूळ. नैसर्गिक पद्धतीनं, म्हणजे फळासकट वाळवलेल्या कॉफीत मला पिकलेलं जांभूळ स्पष्ट लागलं होतं. ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

कोणी म्हणेल, जागतिक स्पर्धा आहे, परीक्षक नॉर्वेचा असेल, त्याला करवंद कसं कळणार? बरोबर. पण आपल्याला ब्लूबेरी कशी कळली? कोणीतरी नमुना पुढे ठेवला म्हणूनच ना? निदान देशातल्या फेऱ्यांत तरी एक वाटी करवंदं परीक्षकांपुढे ठेवता येईल. नियमांनी बरिस्ताला स्वतःचे शब्द निवडायला मनाई केलेली नाही. मनाई आपल्याच डोक्यात आहे.

तिसऱ्या हिश्श्याचं काय

भाषेपेक्षा मोठं भांडण दुधाचं आहे.

बारापैकी चार कप दुधाचे, म्हणजे तिसरा हिस्सा. २०२२पर्यंत गायीचंच दूध हवं असा नियम होता, २०२३पासून वनस्पतींचंही चालतं. दुधावर स्पर्धक अफाट मेहनत घेतात. काही जण दूध गोठवून हळूहळू वितळवतात, आधी सुटलेला दाट भाग घेतात आणि उरलेला पाण्याचा बर्फ टाकून देतात. दूध गोड आणि घट्ट होतं. आमच्याकडे दुधातल्या पाण्याची गोष्ट निघाली की कोणावर तरी संशय असतो. इथे पाणी काढण्याला टाळ्या होत्या.

पण मी बघितलेल्या सगळ्या सादरीकरणांत दूध कोणाच्या गोठ्यातलं, हे एकानंही सांगितलं नाही. बी पिकवणाऱ्याचं नाव, गाव, उंची, सगळं आलं. दुधाला मात्र फार तर तापमान आलं.

दुधाला सांगण्यासारखं काही नसतं म्हणून हे घडतं का? आमच्या घरी मुरघासावरच्या गायीचं दूध, हिरव्या घासावरचं दूध आणि ऊसतोडीच्या दिवसांत वाढं घातल्यावरचं दूध, हे तीन वेगळे प्रकार आहेत. माझी आई चहाचा पहिला घोट घेऊन 'आज वाढं जास्त झालं' म्हणते. स्पर्धेच्या भाषेत हे चवीचं वर्णनही आहे आणि उगमाचा शोधही. तिला मार्क देणारं टेबल कुठे नाही, एवढंच.

दुधालाही परीक्षा आहेच, सकाळ-संध्याकाळ. सेंटरवर किटली न्यायची, नमुना मशीनला लावायचा, फॅट आणि डिग्री चिठ्ठीवर येते. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून जाहीर होतो. खाली गेलं की पॉइंटला कपात. वर गेलं तर थोडी वाढही मिळते, पण घरात चर्चा होते ती कपातीची.

दोन परीक्षा शेजारी ठेवा. स्पेशालिटी कॉफीत १००पैकी ८० मार्कांच्या वर गेलेला माल वेगळा होतो, त्याला नाव लागतं, बाजारभावापेक्षा जास्त मागता येतं. तिथे मार्क म्हणजे वर जायची शिडी आहे. दुधाची डिग्री ही चाळणी आहे. पास झालात की तुमचं दूध बाकीच्यांच्या दुधात ओतलं जातं आणि तिथून पुढे ते तुमचं नसतं. कॉफीवाले ज्या ढिगातून बाहेर पडले, त्या ढिगात दूध अजून रोज पडतं.

इथे आकड्याची बाजूही मांडायला हवी. फॅटचा आकडा कोरडा असला तरी त्याला इंग्रजी लागत नाही, टाय घातलेला परीक्षक लागत नाही. मशीन नीट असेल तर सरपंचाचं आणि भूमिहीनाचं दूध त्याला सारखंच. गोष्ट सांगून भाव मिळवायच्या बाजारात ज्याला गोष्ट सांगता येते तोच पुढे जातो. चिकमगळूरचे स्टॉलवर उभे असलेले बहुतेक मळेवाले अस्खलित इंग्रजी बोलत होते, आणि फळ तोडणाऱ्या मजुरांचं नाव त्यांच्याही पाकिटावर नव्हतं. त्यामुळे दुधाला कॉफीसारखी कथा जोडा की प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. हजार एचएफ गायींच्या गोठ्याला कथा सहज जोडता येते. दोन गायीवालीला नाही.

पण तिचं काहीच ऐकू येत नाही, तेव्हा काय होतं हेही आमच्या जिल्ह्यानं पाहिलंय. १ जून २०१७ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला आणि राज्यात जागोजागी दूध रस्त्यावर ओतलं गेलं. तेव्हा नासाडीवर बोलणारे भरपूर होते. पण बारा कपांसाठी १५ मिनिटांचं भाषण लिहिणाऱ्या जगाला तरी हे कळायला हवं की ती माणसं दुधाबद्दल बोलायचा उरलेला एकच मार्ग वापरत होती.

स्पेशालिटी कॉफीच्या संघटनेनं अलीकडे मूल्यमापनाची पद्धत बदलली. चव कशी आहे, ती आवडली का आणि माल कुठून, कोणाकडून आला, हे आता वेगवेगळं नोंदवतात. म्हणजे उगम हा किमतीचा भाग आहे, हे तक्त्यातच मान्य झालं. मग जो देश जगात सगळ्यात जास्त दूध काढतो, त्या देशाच्या स्पर्धेत दुधाचा उगम विचारला जाऊ नये? नियमात एक ओळ पुरे: दुधाच्या फेरीत दूध कुठलं, जनावर काय खातं आणि लिटरला काय भाव दिला, हे स्पर्धकानं सांगावं.

तिसरा प्रश्न अवघड जाईल. बीचा भाव अभिमानानं सांगणारे बरेच असतात. दुधाचा सांगायचा तर आधी तो विचारावा लागेल, आणि त्यासाठी स्पर्धकाला एकदा तरी पहाटे सेंटरवर जावं लागेल. गेला, तर किटलीतलं दूध तिथेच चाखून बघावं. त्याला वाढं ओळखता येतंय का, हे बघायला मला आवडेल.