शासकीय आरोग्यविमा बाजारपेठ आणि ऑनलाइन दलाल : अमेरिकन अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना :
२३ मार्च २०१० रोजी अस्तित्वात आलेल्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या कायद्याने, नोकरीतून विमा न मिळणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी शासनप्रणीत विमा बाजारपेठ निर्माण केली. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिचे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या ६ व्यक्तींची नोंदणी पूर्ण होऊ शकली. खासगी ऑनलाइन दलालांना या बाजारपेठेत आधीच प्रवेश दिलेला होता. शासनाच्या या अपयशामुळे त्यांच्या बाजूचा युक्तिवाद अधिक बळकट झाला.

दलालीचे स्वरूप :
प्रारंभी ग्राहकाला अनुदानाची पात्रता तपासण्यासाठी दलालाच्या संकेतस्थळावरून शासकीय संकेतस्थळावर जाऊन पुन्हा परतावे लागत असे. २०१८ च्या अखेरीस नवी थेट नोंदणी पद्धत आली आणि अर्जापासून योजनेच्या निवडीपर्यंतची सर्व प्रक्रिया दलालाच्याच संकेतस्थळावर होऊ लागली. दलालामार्फत विमा घेतल्याने हप्ता वाढत नाही. दलाली विमा कंपनी देते. जाणकार सल्ल्याची उपयुक्तताही नाकारता येत नाही. उदाहरणार्थ, अल्प उत्पन्न गटाला उपचारखर्चातील विशेष सवलत सर्वसाधारणपणे ‘सिल्व्हर’ श्रेणीतच मिळते. केवळ कमी हप्ता पाहून ‘ब्राँझ’ योजना घेणारा ग्राहक ही सवलत गमावून बसतो.

व्यवस्थेतील दोष :
२०२१ मध्ये अनुदानात तात्पुरती वाढ झाली आणि अल्प उत्पन्न गटातील असंख्य ग्राहकांना शून्य हप्त्याची योजना उपलब्ध झाली. ही वाढ २०२५ अखेर संपुष्टात आली. हेतू स्तुत्य होता; परंतु ज्याला हप्ताच भरावा लागत नाही, त्याला आपल्या नावावर काय घडले हे कळण्याचा नेहमीचा मार्गही उरत नाही. विमा बदलल्याचे त्याला कळते ते दवाखान्याच्या खिडकीवर किंवा प्राप्तिकर विवरणाच्या वेळी. दलालाला मात्र प्रत्येक नोंदणीमागे दलाली मिळते. जानेवारी ते ऑगस्ट २०२४ या काळात संमतीविना योजना बदलल्याच्या ९०,८६३ आणि संमतीविना नोंदणी केल्याच्या १,८३,५५३ तक्रारी संघशासनाकडे आल्या. त्याच वर्षी ८५० दलालांचे अधिकार स्थगित करण्यात आले. ग्राहकाच्या नोंदणीशी आधी संबंध नसलेल्या दलालाने बदल करताना ग्राहकासह शासकीय दूरध्वनी केंद्राशी त्रिपक्षीय संभाषण करावे, असे बंधनही जुलै २०२४ मध्ये घालण्यात आले.

या घटनांकडे काही लोभी व्यक्तींचे अपराध म्हणून पाहणे अपुरे ठरेल. शासनाने तिजोरी आपल्याकडे ठेवली आणि दाराची किल्ली मात्र दलाली मिळवणाऱ्याच्या हाती दिली, हा मूळ दोष होय. संमतीचा पुरावा १० वर्षे जपण्याचा नियम आहे. परंतु तो जपायचा आहे दलालानेच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच कपाटात साक्ष. दुसरीकडे, दलाली न घेता मार्गदर्शन करणाऱ्या ‘नॅव्हिगेटर’ साहाय्यकांचा वार्षिक निधी सुमारे ९ कोटी ८० लाख डॉलरवरून १ कोटी डॉलरवर आणण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. निःपक्ष सल्ला आटला की गरजू माणसाला दलालाखेरीज पर्याय उरत नाही.

निष्कर्ष :
दलालांना हद्दपार करणे हा यावरील उपाय नव्हे. योजनेतील प्रत्येक बदल अमलात येण्यापूर्वी शासनाने विमाधारकास थेट कळवावा, संमतीची नोंद शासनाकडेच असावी आणि निःपक्ष साहाय्यकांना पुरेसा निधी मिळावा, या किमान अपेक्षा होत. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या योजनेत लाभार्थ्याची संमती ही औपचारिकता नसून योजनेचा पाया असते. तोच कच्चा राहिला, तर नोंदणीचे आकडे वाढूनही आरोग्याची सुरक्षितता वाढली असे म्हणता येणार नाही.