दुःखाला चाळीस शब्द

रहस्यकथा म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना बाबुराव अर्नाळकर आठवतात. झुंजार, काळा पहाड, आणि एका बैठकीत संपणारं पुस्तक. मेलेला कोण, याच्याशी आपल्याला फारसं देणंघेणं नसायचं; मारणारा कोण, एवढंच कळायला हवं असायचं. जाइल्स ब्लंट यांची ‘फॉर्टी वर्ड्‌स फॉर सॉरो’ (२०००) ही कॅनेडियन कादंबरी नेमकी याच्या उलट वाटेने जाते, म्हणून तिच्याविषयी लिहावंसं वाटलं.

कथेतलं अल्गॉन्क्विन बे हे गाव नकाशावर सापडणार नाही. पण टोरांटोच्या उत्तरेला निपिसिंग सरोवराकाठचं नॉर्थ बे ज्यांनी पाहिलं आहे, ते पहिल्या काही पानांतच गाव ओळखतील. ब्लंट तिथेच वाढले. पुढे न्यूयॉर्कमध्ये टीव्हीसाठी लिहीत त्यांनी बरीच वर्षं काढली, आणि लिहिलं ते मागे राहिलेल्या गावाबद्दल. आपल्याला यात नवल वाटायला नको!

गोठलेल्या सरोवरातल्या एका बेटावर, जुन्या खाणीच्या तोंडाशी, बर्फात थिजलेलं एक प्रेत सापडतं. ते असतं तेरा वर्षांच्या केटी पाइनचं. ती जवळच्या रिझर्व्हवरची, फर्स्ट नेशन्सची मुलगी. ती नाहीशी झाली तेव्हा ‘पळून गेली असेल’ असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. डिटेक्टिव्ह जॉन कार्डिनल तेवढा मानायला तयार नव्हता. त्याने तपासावर इतका वेळ आणि पैसा घालवला की त्याला त्या कामावरून दूर करण्यात आलं.

खुनी कोण, हे वाचकाला बरंच लवकर कळतं. त्यामुळे आपलं लक्ष जातं वाट पाहणाऱ्यांकडे. केटीची आई डोरोथी आहे. स्वतः कार्डिनलही आहे: त्याची पत्नी कॅथरिन मानसिक आजाराने हॉस्पिटलात, मुलगी शिकायला दूर, आणि मनात एक जुनं पाप. भरीला, सोबत काम करणारी लीझ डेलॉर्म गुपचूप त्याचीच चौकशी करते आहे.

शीर्षकाचा उगम केटीच्या आईच्या दुःखाशी आहे. उत्तरेकडच्या लोकांकडे बर्फाला चाळीस शब्द आहेत, अशी एक प्रचलित समजूत आहे. भाषातज्ज्ञ ती तशी मान्य करत नाहीत, पण कार्डिनलला वाटतं की माणसाला खरी गरज दुःखाच्या चाळीस शब्दांची आहे. मराठीत आपण मोजायला बसलो तर शोक, खंत, सल, हुरहूर, रुखरुख, हळहळ असे बरेच निघतील. पण ज्याचं मूल बेपत्ता आहे, त्याच्या अवस्थेला आपल्याकडेही शब्द नाही. सुतक धरायचं, तर मृत्यूची खात्री हवी. तोवर दिवस मोजायचे कुठून? डोरोथीचं दुःख या जातीचं आहे, आणि कार्डिनलने आणलेली भयंकर बातमी निदान ते मोजणं सुरू करून देते.

माझी तक्रार एकच. खुन्यांच्या क्रौर्याला लेखकाने हात सैल सोडून पानं दिली आहेत; डोरोथी आणि तिची माणसं मात्र पुढे पुढे मागे पडतात. २०१६ ते २०१९ या काळात कॅनडात बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रिया व मुलींविषयी राष्ट्रीय चौकशी झाली. त्यात अनेक कुटुंबांनी सांगितलं की पोलिसांनी आपल्या मुलींचा शोध मनावर घेतलाच नाही. ते माहीत असताना आज वाचताना ही उणीव जास्त टोचते. तरीही ‘पळून गेली असेल’ या वाक्यातली बेपर्वाई या कादंबरीने २००० सालीच पकडली होती, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

कादंबरीला २००१ साली ब्रिटनचा सिल्व्हर डॅगर पुरस्कार मिळाला आणि २०१७ पासून ‘कार्डिनल’ ही टीव्ही मालिकाही आली. मालिका पाहिली असली तरी पुस्तक जरूर वाचा. फेब्रुवारीत वाचलंत तर बाहेरची थंडी वेगळी वर्णन करून सांगावी लागणार नाही. आणि वाचताना खुन्यापेक्षा डोरोथीच्या घरात जरा जास्त वेळ थांबा.