पिवळ्या चिकाचं कुळ

कोकमाशी आपली गाठ पडते ती आमटीत नाहीतर सोलकढीत. झाडाकडे कोण बघतो? कोकणातल्या जुन्या वाडीत ते सवडीने बघावं. वर निमुळता होत गेलेला डेरा, खाली झुकलेल्या फांद्या, समोरासमोर जोडीने आलेली गर्द पानं आणि मधूनच तांबूस कोवळी पालवी. झाड बारमाही हिरवं, पण एकसुरी नाही.

शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. गार्सिनिया ही प्रजाती लिनियसने १७५३ साली लॉरां गार्सां या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने मांडली. आंबट कोकम, गोड मँगोस्टीन आणि केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी या सख्ख्या बहिणी, हे चवीवरून सांगूनही पटत नाही.

नातं जुळतं ते चिकात. मँगोस्टीनची साल नखाने खरवडली की बोटाला पिवळा डाग बसतो. कंबोडियाकडच्या गार्सिनिया हॅनबरीच्या सालीतला चीक बांबूच्या नळीत गोळा करतात. चित्रकारांचा गॅम्बोज हा पारदर्शक पिवळा रंग तो हाच. (पोटात गेला तर जबर जुलाब, ते वेगळं.) कुळाचं जुनं नाव गटिफेरी, ते या चिकाच्या थेंबावरूनच पडलं. आता क्लूसिएसी जास्त चालतं, तरी नियमाने दोन्ही वैध आहेत. मला जुनंच आवडतं. क्लूसिया ही पार अमेरिकेतली प्रजाती. तिच्या नावाने कोकमाबद्दल काय कळणार?

लिनियसने कांबोजिया वेगळी काढली होती, रॉक्सबर्गने झँथोकायमस. पुढे दोन्ही गार्सिनियात सामावल्या. जाती २५० की ४००, यावर मात्र एकमत नाही.

खरी गंमत फुलांची. मँगोस्टीनच्या फळाच्या बुडाशी वाळक्या फुलासारखी नक्षी असते, ती कुक्षीची खूण. तिच्या पाकळ्या मोजा. आत पांढऱ्या फोडी तेवढ्याच निघतात. या झाडाला नराची गरजच नाही, बी फलनाशिवाय धरतं. कोकमाचं नेमकं उलटं. नर झाडं वेगळी, आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नरच निघतात. ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षं खतपाणी घातल्यावर! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात म्हणूनच कलमाने वाढवतात.

परसात कोकम लावणार असाल तर रोपवाटिकेत बियांचं रोप घेऊ नका. फळ देणाऱ्या झाडाचं कलमच मागा.