‘नकामा’ आणि सवंगडी

१९९९ साली सुरू झालेल्या ‘वन पीस’ या जपानी चित्रमालिकेच्या हौशी इंग्रजी उपशीर्षककारांनी ‘नकामा’ हा शब्द मूळचाच ठेवला. धंदेवाईकांनी प्रसंग पाहून कोठे मित्र, कोठे खलाशी अशा अर्थाचे शब्द योजले. आम्हांस हौशांची निष्ठा अधिक भावते. मात्र शब्द तसाच ठेवणे म्हणजे भाषांतर नव्हे. धंदेवाइकांचे वाक्य सुबोध खरे, पण एका नात्याची त्यात दोन शकले होतात. कृष्णाचे सवंगडी ज्या भाषेत आहेत, तिला ही अडचण का पडावी? तरी आमची मुले हे संवाद इंग्रजीतूनच वाचतात! कोणा मराठी रसिकाने हे काम अंगावर घ्यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला, तो काही वेतनासाठी नव्हे. आणि अवघड शब्द तसाच टाकून पुढे जाण्याची सवलतही त्यांनी घेतली नाही.