खिडकी उघडणारा हात

दिव्यांच्या सणात रक्तपिपासू पिशाच्चांचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु आपण लक्ष्मीपूजनाचे दिवे लावतो ते अमावास्येलाच. तेव्हा अंधाराबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

‘व्हॅम्पायर’ या प्राण्याला मराठीत नेमका शब्द नाही. रिचर्ड बर्टन या इंग्रज पंडिताने १८७० साली वेताळपंचविशीतल्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्याने वेताळाला खुशाल ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. बिचारा वेताळ! तो झाडाला लोंबकळतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि कोडे घालतो. कोकणात व गोव्यात तर त्याची देवळे आहेत. युरोपातले पिशाच्च निराळे. ते रक्त पिते खरे, पण बोलावल्यावाचून त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. ब्रॅम स्टोकरने १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत हा नियम सांगून ठेवला आहे. आणि माझ्या मते या जातीच्या चित्रपटांतली सारी हुरहुर रक्तातून नव्हे, तर या नियमातून येते. घर आपले, कडी आतून लावलेली. ती काढतो कोण?

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याचा ‘नोस्फेरातू’ हा १९२२ चा मूकपट या दृष्टीने पाहावा. निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क न घेता नुसती नावे बदलली होती. स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ साली सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज आपल्याला पाहायला मिळतो. त्यातला काउंट ऑरलॉक कोणा तरुणीने स्वप्नात पाहावा असा नाही. टकले डोके, उंदरासारखे पुढचे दात, टोकदार कान, लांबलचक नखे. माक्स श्रेक हा नट तर असा ताठ चालतो की, सांधे त्याला नाहीतच.

हुटर नावाचा तरुण घराच्या व्यवहारासाठी या काउंटच्या गढीवर जातो. रात्री ऑरलॉक त्याच्यावर चालून येतो, आणि त्याच वेळी दूर आपल्या गावी हुटरची बायको एलेन झोपेतून उठून, हात पसरून हाक मारते. ऑरलॉक थबकतो, मान वळवतो. दोघांच्या मध्ये डोंगर आहेत, मुलूखच्या मुलूख आहेत. पण दोन चित्रे एकापुढे एक अशी जोडली आहेत की, त्याने तिच्याकडे पाहिले असेच वाटते. पुढे ती वाळूच्या टेकड्यांवर, क्रूसांच्या मधोमध, समुद्राकडे डोळे लावून बसते. नवरा तर खुष्कीने परत येतो आहे. जहाजातून येतो आहे तो दुसराच. मग ही बाई वाट कोणाची पाहते? मुर्नाऊ सांगत नाही.

गावात उंदीर आणि प्लेग येतात. एलेन एका पुस्तकात वाचते की, निष्पाप स्त्रीने आपखुशीने रक्त देऊन या पिशाच्चाला कोंबडा आरवेपर्यंत गुंतवून ठेवले, तरच हे मरण टळेल. समोरच्या ओसाड घराच्या खिडकीत तो उभाच आहे. ती अडखळते आणि शेवटी आपली खिडकी उघडते. नवऱ्याला डॉक्टरच्या निमित्ताने बाहेर धाडते. जिन्यावरून सावली चढते, आणि त्या सावलीचीच मूठ तिच्या काळजावर आवळली जाते. पहाटे तो धूर होऊन नाहीसा होतो. तीही वाचत नाही. (कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो बरे! उन्हाने मरणे ही चित्रपटाची भर.) हा त्याग म्हणावा की ओढ? मला यातले एकच निवडण्याचे कारण दिसत नाही. नुसते कर्तव्य असते, तर ती खिडकीशी इतकी अडखळली नसती.

पुढे १९३१ साली हॉलिवुडने बेला लुगोसीला मेजवानीचा पोशाख चढवला. १९५८ साली इंग्लंडात उंचापुरा क्रिस्टोफर ली रंगीत चित्रात आला. पिशाच्च देखणे झाले. कळस केला तो कोपोलाने, १९९२ साली. त्याच्या चित्रपटात मीना ही काउंटच्या मृत पत्नीचाच पुनर्जन्म! ‘मधुमती’ (१९५८) पाहिलेल्यांना याचे काय अप्रूप? वेशभूषा डोळे दिपवणारी आहे, तिला ऑस्करही मिळाले. तरी मन कोरडे राहते. जन्मोजन्मीची गाठ म्हटली की, कडी काढण्याचा प्रश्नच मिटला. हर्झोगने १९७९ साली मुर्नाऊचीच कथा पुन्हा सांगितली, ती मला कितीतरी अधिक खरी वाटते. क्लाउस किन्स्कीचा काउंट थकलेला आहे. म्हातारे होता येत नाही, हेच त्याचे दुःख. नायिका त्याला पहाटेपर्यंत अडकवते, पण तोवर नवराच पिशाच्च झालेला असतो. तिचे मरण फुकट जाते.

२००८ चा स्वीडिश चित्रपट ‘लेट द राइट वन इन’ याच उंबरठ्यावर उभा आहे. (लहानांना घेऊन पाहण्याचा हा चित्रपट नव्हे, एवढे सांगून ठेवतो.) बर्फात बुडालेली स्टॉकहोमची वसाहत, शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा एकलकोंडा ऑस्कर, आणि शेजारी राहायला आलेली, फार काळ बारा वर्षांचीच राहिलेली एली. ‘न बोलावता आलीस तर काय होईल?’ असे तो तिला चिडवतो. ती काही न बोलता आत येते आणि उभी राहते. मग तिच्या डोळ्यांतून, कानांतून, अंगभर रक्त पाझरू लागते. घाबरून तो तिला मिठी मारतो, ये म्हणतो.

एलीसाठी माणसे मारून रक्त आणणारा एक प्रौढ मनुष्य आरंभी तिच्याबरोबर राहत असतो. तोही कधीकाळी असाच एखादा पोर असेल काय? चित्रपट तसे म्हणत नाही, पण ही शंका आली की शेवटचे दृश्य अंगावर येते. ऑस्कर आगगाडीत बसला आहे. बाहेर लख्ख उजेड, म्हणून एली मोठ्या पेटीत. आतून टकटक होते. तो हसतो, आणि बोटाने पेटीवर टकटक करून उत्तर देतो.